पाठीवर सेन्सर लावायचा, पण कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यात वर्षभरापूर्वी फिजिओथेरपीचं क्लिनिक सुरू केलेल्या एका तरुण सहकाऱ्याला विक्रेत्याने दोन सेन्सरचा संच दाखवला. एक मानेच्या खाली चिकटवायचा, दुसरा कमरेवर. मोबाइलवर पाठीचं चित्र हलताना दिसतं आणि रुग्ण ठरावीक अंशापेक्षा जास्त वाकला की सेन्सर थरथरतो. या सहकाऱ्याकडे लकव्यानंतर डावीकडे कलून बसणारे एक आजोबा आहेत, घरून कॉम्प्युटरवर काम करणारा कंबरदुखीचा एक तरुण आहे, आणि द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या, मान-खांदा धरलेल्या बायका तर रोजच्याच. "या सगळ्यांना घरी लावून दिला तर पोश्चर सुधारेल का, आणि अ‍ॅपमधले आकडे कितपत खरे मानायचे?" असं त्याने विचारलंय.

आधी सरळ उत्तर देते, मग पाल्हाळ. रुग्णाला सरळ बसवण्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. तो आपल्यासमोर नसताना काय करतो हे पाहण्यासाठी घेणार असाल, आणि पाहण्याआधी मनात एखादा नेमका प्रश्न असेल, तर वस्तू उपयोगी आहे. मी मिरजेत बरीच वर्षं मेंदूच्या आणि मणक्याच्या रुग्णांबरोबर काम करतेय. असे तीन प्रकार वापरून झाले. त्यातला एक संच कपाटात पडून आहे, एक रोज वापरात आहे आणि तिसरा म्हणजे माझा जुना मोबाइल. त्याच्याबद्दल शेवटी.

आत काय असतं ते समजून घ्या, कारण आकडा कुठे फसवतो हे त्यातूनच कळतं. नखाएवढ्या चिपमध्ये दोन मुख्य मापकं असतात. पहिलं अ‍ॅक्सेलरोमीटर. स्थिर असताना ते गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतं, म्हणजे गवंड्याचा ओळंबाच म्हणा. पाठ उभ्या रेषेत असली तर पुढच्या-मागच्या अक्षावर शून्य. ३० अंश झुकली तर त्याच अक्षावर गुरुत्वाकर्षणाच्या बरोबर निम्मं, ०.५ जी. सरळ स्थितीच्या आसपास एक अंशाचा फरक म्हणजे साधारण ०.०१७ जी, आणि एवढं आजच्या स्वस्तातल्या चिपलाही कळतं. पण ओळंबा हलत्या एसटीत धरला तर झुलणारच. रुग्ण चालायला लागला, खोकला, खुर्चीत धपकन बसला की गुरुत्वाकर्षण कोणतं आणि हिसका कोणता, हे या मापकाला वेगळं काढता येत नाही.

म्हणून जोडीला जायरोस्कोप. ते कोन सांगत नाही, वळण्याचा वेग सांगतं, सेकंदाला किती अंश ते. वेगाची बेरीज करत गेलं की कोन मिळतो आणि हिसक्यांनी तो फारसा बिघडत नाही. मात्र वेगातली बारीक चूकही त्याच बेरजेत साठत जाते. सेकंदाला ०.०५ अंश एवढीच चूक धरा. मिनिटाला ३ अंश, दहा मिनिटांत ३० अंश. रुग्ण जागचा हललेला नाही आणि स्क्रीनवर तो लवून नमस्कार करतोय! सॉफ्टवेअर मग दोघांची सांगड घालतं. क्षणभराच्या हालचालीसाठी जायरोचं ऐकायचं, लांबच्या हिशोबासाठी ओळंब्याचं. काल्मन फिल्टर, मॅजविक फिल्टर अशी नावं माहितीपत्रकात दिसली तर दबून जाऊ नका, काम हेच आहे.

काही संचांत तिसरं मापक असतं, मॅग्नेटोमीटर. तो आतला होकायंत्राचा तुकडा. लोखंडी खाट, चालण्याच्या सरावाचे पॅरलल बार, व्हीलचेअरची चौकट, भिंतीतली सळई यांच्याजवळ गेला की तो भरकटतो, आणि आपलं क्लिनिक म्हणजे लोखंडाचंच दुकान. पुढे झुकणं आणि बाजूला कलणं हे दोन्ही कोन ओळंब्यावरून मिळतात, त्यांना होकायंत्र लागत नाही. ते लागतं फक्त कमरेतून पिळणं, वळणं मोजायला. पोश्चरसाठी ते बंद करता येत असेल तर बंद ठेवा आणि पिळण्याच्या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

आता अचूकता. प्रयोगशाळेत कॅमेऱ्यांच्या यंत्रणेशी ताडून पाहिलं तर पुढे-मागे वाकण्याचा कोन हे सेन्सर चांगला देतात, बाजूचा बरा आणि पिळण्याचा सर्वांत कच्चा. चालण्याच्या विश्लेषणात एक ढोबळ पायंडा आहे: चूक २ अंशांच्या आत असली तर उत्तम, २ ते ५ अंशांत समजून वापरावी, ५ च्या वर गेली तर निष्कर्ष चुकण्याची भीती. मी पाठीसाठीही तोच धरते. म्हणजे गेल्या आठवड्यात १४ आणि या आठवड्यात ११ अंश असा 'फरक' अ‍ॅपने हिरव्या रंगात दाखवला, तर मी त्याला फरक म्हणत नाही.

यंत्राची चूक तरी ठरावीक असते. लावण्याची चूक नसते, आणि खरी मारामारी तिथेच आहे. सेन्सर मणक्यावर बसत नाही, कातडीवर बसतो, आणि कातडी मणक्यावरून सरकते. अंग भरलेल्या रुग्णाच्या कमरेवर तर सेन्सर मांसाच्या घडीचा कोन मोजतो. पाचवारी साडीखालच्या परकराची नाडी नेमकी तिथेच येते जिथे कमरेचा सेन्सर लावायचा असतो. बसलं की नाडी वर सरकते आणि सेन्सरला ढकलते. त्या रुग्णांमध्ये मी तो खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर लावते. छातीच्या हाडावर लावला तर मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर टकटक आपटतात आणि आलेखात काटेच काटे उगवतात. सोनं आहे म्हणून होकायंत्राला त्रास नाही, पण ओळंब्याला आहे. एक कापडी पट्टी वरून लावली की भागतं. मे महिन्यात साधी दुहेरी चिकटपट्टी दुपारपर्यंत टिकत नाही. मधुमेही रुग्णाच्या कातडीवर कडक चिकटपट्टी लावून ती ओढून काढायची हौस तर करूच नका.

माझी स्वतःची फजिती सांगते. लकव्यातून सावरणाऱ्या एका बाईंचा आठवडाभराचा आलेख आला. सकाळी सरळ, दुपारनंतर उजवीकडे वाढत वाढत कल. मी म्हटलं, दमतात. बैठकीत उजव्या बाजूला पाचर असलेली उशी करून घेतली, व्यायामाची वेळ बदलली, घरच्यांना दुपारी आडवं करायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मुलीने संध्याकाळी काढलेला फोटो पाठवला. बाई सरळ बसलेल्या आणि सेन्सर वाकडा! घामाने पट्टीची एक कड सुटायची आणि तो हळूहळू फिरायचा. उशी त्या बिचाऱ्या उगाच वापरत होत्या. दोष यंत्राचा नव्हता, माझाच होता. तेव्हापासून नियम केलाय: सकाळी लावल्यावर भिंतीला टेकून अर्धा मिनिट स्थिर, आणि रात्री काढण्याआधी पुन्हा तेच. दोन्ही वेळच्या आकड्यांत ५ अंशांहून जास्त तफावत असली की त्या दिवसाची नोंद सरळ टाकून द्यायची. अ‍ॅप हे आपण होऊन करत नाही, ते सकाळचं शून्य दिवसभर खरं मानून चालतं.

आणि हे 'शून्य' म्हणजे तरी काय? बहुतेक अ‍ॅप म्हणतात, "सरळ उभे राहा आणि बटण दाबा." पोक आलेल्या सत्तरीच्या आजींना भिंतीला डोकं टेकवताच येत नाही. त्यांचं शून्य हे त्यांना जमेल तितकं सरळ. मग अ‍ॅप दिवसभर 'उत्तम' दाखवतं, कारण मोजमाप त्यांच्याच पोकापासून सुरू झालेलं असतं. म्हणून दोन आकडे लिहून ठेवत जा, ओळंब्यापासूनचा कोन आणि त्या व्यक्तीच्या सवयीच्या स्थितीपासूनचा कोन. विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारा, पहिला आकडा मिळतो का.

आता आजोबांकडे वळू. डावीकडे कलणं हे एक दिसणं आहे आणि त्यामागे किमान पाच कारणं असू शकतात. धडाचे स्नायू कमजोर असतील. डाव्या बाजूचं भानच हरपलं असेल. डावा खांदा दुखत असेल. घडीच्या व्हीलचेअरचं रेक्झिनचं आसन मधे झोळीसारखं खचलं असेल आणि ढुंगण एका बाजूला घसरत असेल. हे शेवटचं इतकं सर्रास दिसतं की मी आधी खुर्ची पाहते, मग माणूस. फळीचा तुकडा आणि वर जाड फोम टाकला की कित्येकांचा कल तिथल्या तिथे निम्मा होतो. आणि पाचवं, काही रुग्ण धडधाकट हाताने स्वतःला लकव्याच्या बाजूला ढकलतात, सरळ करायला गेलं तर विरोध करतात. सेन्सर या पाचही माणसांसाठी एकच सांगेल: १२ अंश डावीकडे.

ढकलणाऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त. जर्मनीत कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की अशा रुग्णांना आपलं शरीर सरळ असल्याचं तेव्हा वाटतं, जेव्हा ते प्रत्यक्षात मेंदूच्या इजेच्या, म्हणजे लकव्याच्या उलट, बाजूला सुमारे १८ अंश कललेलं असतं. डोळ्यांनी दिसणारी उभी रेषा मात्र त्यांना बरोबर ओळखता येते. म्हणजे शरीराचा ओळंबा बिघडलाय, डोळ्यांचा शाबूत आहे. अशा माणसाच्या पाठीवर थरथरणारी वस्तू लावली तर ती त्याच्या आतल्या खात्रीशी भांडत बसते, आणि तो वैतागतो. त्याला दाराच्या चौकटीसमोर बसवा, चौकट उभी आहे का विचारा, मग तुम्ही तिच्याशी जुळताय का विचारा. सेन्सर लावलात तरी पडद्यावर मोठी उभी रेषा दाखवायला लावा. थरथर बंद.

थरथर वापरणार असालच, तर ती जाणीव असलेल्या बाजूला. सगळ्यांकडून होणारी चूक इथे होते. आजोबा डावीकडे कलतात म्हणून थरथरणारा तुकडा डाव्या कमरेवर लावला जातो, आणि डाव्या बाजूची संवेदनाच गेलेली असते. मग घरचे म्हणतात, मशीन चालत नाही. आधी डोळे मिटायला सांगून दोन्ही बाजूंना लावून पाहा. 'कळतंय' म्हणाले आणि बाजू चुकली, तर त्यांना कळत नाहीये.

मी आजोबांना काय करेन? तीन दिवस नुसती नोंद, थरथर नाही, आवाज नाही. एकच सेन्सर, छातीच्या हाडावर. घरच्यांकडे एक वही: जेवण, टीव्ही, बाथरूम, पाहुणे, झोप, औषध, वेळेसह. मग आलेख आणि वही शेजारी ठेवायची. कल जेवताना वाढतो की टीव्ही पाहताना? टीव्ही कुठल्या बाजूला आहे? हसू नका, टीव्हीचा स्टँड हलवून सुटलेली एक केस मला आठवते. पार्किन्सनच्या रुग्णांत तर ही वहीच सगळ्यात मोलाची. गोळीनंतर तासाभरात पाठ सरळ आणि पुढची गोळी यायच्या आधी पुन्हा वाकलेली, असा नमुना दिसला की तो कागद न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचा. तिथे व्यायामाआधी गोळीच्या वेळेचा विचार व्हायला हवा.

आलेख वाचताना सरासरीकडे पाहू नका. सरासरी कल ८ अंश असलेला एक माणूस दिवसभर ८ अंशांवर असू शकतो, दुसरा सकाळी शून्य आणि संध्याकाळी १६. या दोघांचे उपचार वेगळे. मी दोनच गोष्टी पाहते: सलग एकाच स्थितीत सर्वांत जास्त वेळ किती गेला, आणि तासाभरात स्थिती किती वेळा बदलली.

कंबरदुखीच्या तरुणाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. त्याला 'वाकलास की वाजेल' असं यंत्र देणं म्हणजे दुखण्याला भीतीची फोडणी देणं. वाईट बसण्यामुळे कंबर दुखते ही समजूत आपल्या व्यवसायानेच लोकांच्या डोक्यात घातलीय आणि पुराव्याने तिला फारसा आधार दिलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते चित्र तुम्ही पाहिलं असेल, मोबाइल पाहताना मान ६० अंश वाकली की मानेवर २७ किलोंचा भार. तो आकडा न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाच्या २०१४ मधल्या संगणकीय गणिताचा आहे, माणसांच्या मानेत मोजलेला नाही. प्रत्यक्ष मोजलेलं हवं असेल तर विल्के आणि सहकाऱ्यांचं १९९९ मधलं काम पाहा. एका निरोगी माणसाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक घालून त्यांनी दिवसभर नोंदी घेतल्या. उभं असताना दाब सुमारे ०.५ मेगापास्कल, ताठ बसल्यावर ०.५५ च्या आसपास, आणि खुर्चीत मागे रेलून आळशासारखं बसल्यावर ०.३ च्याही किंचित खाली. माणूस एकच आहे, त्यावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढायचा नाही. तरी 'ताठ म्हणजे कमी भार' हे विधान छातीठोकपणे करण्याआधी थोडं थांबावं.

सेन्सरचा या दुखण्यात किती फायदा, यावर एक मोठी चाचणी झालीय. ऑस्ट्रेलियात ४९२ जणांवर केलेली आणि २०२३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेली. दीर्घकाळ कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला भीती, समजुती आणि हालचालीच्या सवयी यांवर फिजिओने बसून केलेलं काम, तिसऱ्याला तेच काम अधिक पाठीवरच्या सेन्सरचा संकेत. १३ आठवड्यांनी दुसरा आणि तिसरा गट पहिल्यापेक्षा स्पष्ट पुढे होते, २४ गुणांच्या त्रासाच्या मापनात दोघांचीही आघाडी सुमारे ४.६ गुणांची. आणि वर्षभराने ती टिकलेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात मात्र सांगण्यासारखा फरक नाही. म्हणजे काम केलं ते बोलण्याने, समजावण्याने आणि हळूहळू हलवण्याने. सेन्सर बरोबर होता एवढंच.

मग त्या तरुणासाठी मी तो वापरतच नाही का? वापरते, पण उलटा. दोन सेन्सर, एक बरगड्या संपतात त्या पातळीवर मणक्यावर, एक माकडहाडाच्या वर. दोघांच्या कोनातला फरक म्हणजे कमरेचं स्वतःचं वाकणं, उरलेलं खुब्यातून. त्याला जमिनीवरची चप्पल उचलायला सांगा. खूपदा दिसतं की कमर लाकडासारखी धरलेली, १० अंशसुद्धा वाकत नाही, सगळं खुब्यातून आणि गुडघ्यातून. श्वासही रोखलेला. हे त्याला पडद्यावर दाखवलं की चेहरा पाहण्यासारखा होतो, कारण त्याला वाटत असतं आपण 'बरोबर' वाकतोय. मग संकेत उलटा लावायचा: कमर सैल सुटून वाकली की टिंग. ५ मिनिटं, क्लिनिकमध्ये, माझ्यासमोर. घरी काही द्यायचं नाही. दोन-तीन भेटींत यंत्र बाजूला.

शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट वेगळी. तिथे सर्जनने ठरावीक आठवड्यांसाठी ठरावीक हालचालीची मर्यादा घातलेली असते, उदाहरणार्थ खुब्याचा सांधा बदलल्यावर काही सर्जन मांडी ९० अंशांपलीकडे दुमडू देत नाहीत. मुदतीपुरती, स्पष्ट मर्यादा असेल तर इशारा देणारं यंत्र शोभतं. मर्यादा कोणी घातली, किती दिवसांची आणि कधी उठणार हे लिहून घ्या आणि त्या तारखेला यंत्र परत घ्या.

इशारा देण्याचं प्रमाण हा स्वतंत्र विषय आहे आणि तो विक्रेत्याला माहीत नसतो. कौशल्य शिकताना प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून 'चुकलं, चुकलं' मिळत राहिलं तर त्या वेळी कामगिरी छान दिसते, पण आधार काढला की कोसळते. हे मोटर लर्निंगमधलं, म्हणजे हालचाली शिकण्याच्या शास्त्रातलं, १९८० च्या दशकापासूनचं जुनं ज्ञान आहे. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं की निम्म्याच प्रयत्नांना माहिती मिळालेले लोक नंतरच्या चाचणीत, प्रत्येक प्रयत्नाला माहिती मिळालेल्यांपेक्षा चांगले राहिले. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं संकेत चालू, दुसऱ्या आठवड्यात एकदा, तिसऱ्यात एक दिवसाआड, आणि मधल्या काळात नुसती नोंद. संकेत बंद असताना काय होतं तेच शिकलेलं. संकेत चालू असतानाचा आलेख कुटुंबाला दाखवून खूश करू नका. आणि इशाऱ्याला उशीर ठेवा. ओलांडल्यावर लगेच वाजला तर पाण्याचा तांब्या उचलतानाही वाजेल. मी साधारण २० ते ३० सेकंद ठेवते.

मर्यादेचा आकडा कुठून येतो हेही पाहा. बरीच यंत्रं २० आणि ६० अंश वापरतात. आयएसओ ११२२६ हे स्थिर कामाच्या स्थितींचं मानक, किंवा कामातल्या स्थितीला गुण देणारी १९९३ ची रूला पद्धत, यांच्यात धडाच्या झुकण्याचे टप्पे तेच आहेत: २० पर्यंत ठीक, २० ते ६० वेळेवर अवलंबून, ६० पलीकडे नको. पण ती कारखान्यात, कचेरीत काम करणाऱ्या निरोगी माणसांसाठी केलेली. आपल्या रुग्णाला ती जशीच्या तशी चिकटवायची नाहीत.

शिवाय ही यंत्रं खुर्चीच्या देशातली. मांडीवर बांधलेला सेन्सर मांडी आडवी असली की 'बसलेला', उभी असली की 'उभा' असं ठरवतो. आपल्याकडची बाई मांडी घालून बसली की जांघ आडवी तर असतेच, शिवाय बाहेरच्या बाजूला फिरलेली असते, आणि काही सॉफ्टवेअर तिला कुशीवर झोपलेली समजतात. उकिडवं बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जातो, तेही त्याच्या हिशोबात नसतं. विळीवर भाजी चिरणं, भाकरी थापणं, देवघरापुढे बसणं, भारतीय शौचालय, हे सगळं एकेकदा तुमच्यासमोर करून घ्या आणि यंत्र काय म्हणतं ते लिहून ठेवा. अर्धा तास लागतो. नंतरचे कित्येक तास वाचतात.

द्राक्षबागेतल्या बायकांसाठी हा संच जवळजवळ बिनकामाचा. घडातल्या मण्यांची विरळणी करताना त्या वाकत नाहीत. मंडपाखाली मान वर, हात डोक्याच्या वर, तासन् तास. वाकण्यावर वाजणारं यंत्र त्यांना दिवसभर शाबासकी देत राहील. तिथे मोजायचा तर दंडावर सेन्सर लावून हात खांद्याच्या वर किती वेळ राहिला हे मोजावं लागेल, आणि ते एकदा मोजून झालं की पुढे सेन्सरची गरज नाही. उंची वाढवायला बागेत काय चालतं, घमेलं उलटं की लाकडी पाट, आणि मुकादम दर तासाला पाच मिनिटं हात खाली घेऊ देतो का, हा प्रश्न उरतो. तो अ‍ॅपमध्ये सुटत नाही.

सर्वांत उपयोगी वापर मात्र विक्रेत्याने तुम्हाला सांगितलाच नसेल, तो रात्रीचा. मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या किंवा लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या छातीच्या हाडावर एकच सेन्सर लावा. माणूस झोपलेला, म्हणजे हिसके नाहीत. ओळंबा इथे सर्वांत खरा बोलतो. उताणा, डावी कूस, उजवी कूस, आलेखात स्वच्छ पायऱ्या दिसतात. सगळ्यांना तोंडपाठ असतं की दर दोन तासांनी कूस बदलायची. एका घरी आलेखात रात्री अकरा ते पहाटे पाच एकच सपाट रेघ होती, आणि माकडहाडावरची जखम का भरत नाही याचं उत्तर तिथेच होतं. पण तो कागद मी सगळ्यांसमोर काढला नाही. रात्री उठणारी सून दिवसभर शेतात आणि चुलीपाशी असते. कागद काढला असता तर खापर तिच्यावर फुटलं असतं. तिला बाजूला घेऊन विचारलं, किती वाजता उठणं जमेल. ती म्हणाली, ताई, एकला जमेल, तीनला नाही. मग तीनचा फेरा मुलाच्या अंगावर टाकला आणि सेन्सर आणखी आठवडाभर ठेवला, फेरा होतो का पाहायला. झाला. मग काढून घेतला.

याला जोडून एक आठवण. वाढत्या वयातल्या पाठीच्या वाकडेपणासाठी ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचा कडक आधार, घालणाऱ्या मुलांवर अमेरिका-कॅनडात मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेसमध्ये कोन मोजणारं काहीच नव्हतं, तापमान नोंदवणारा एक तुकडा होता. अंगाला लागला की गरम, काढला की गार. तेवढ्यावरून कळलं की दिवसाला सुमारे १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांत यशाचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं. प्रश्न नेमका असेल तर थर्मामीटरही पुरतो.

खरेदीबद्दल शेवटचं. संच घेण्याआधी दोन आठवडे मोबाइलवर काढा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, ते फोनच्या अ‍ॅक्सेलरोमीटरचे कच्चे आकडे देतं. फोन कापडी पिशवीत घालून छातीला पट्ट्याने आवळा. दिवसभर लावायला जड आहे, पण अर्ध्या तासाच्या बैठकीला चालतो, आणि आलेख वाचायची सवय लागते. मग विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. कच्चा डेटा फाइलमध्ये काढता येतो का? सहा अक्षांचे आकडे (दोन्ही मापकांचे तीन-तीन) सेकंदाला १०० वेळा नोंदवले तरी तासाला साडेचार एमबीसुद्धा भरत नाहीत, तेव्हा 'फाइल फार मोठी होते' ही सबब ऐकून घेऊ नका. पोश्चरला तर सेकंदाला २५ नोंदी भरपूर झाल्या. दुसरं, वर्गणी बंद केल्यावर यंत्र चालतं का? माझा कपाटातला संच याच कारणाने कपाटात आहे. आणि तिसरं, डेटा कुठे साठतो आणि कोण पाहतो? माणूस रात्री किती वाजता उठतो, किती वेळ अंथरुणात असतो हे सगळं त्यात आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीबद्दल बोलतो, पण आपल्या रुग्णाला ते मराठीत, त्याच्या मुलासमोर नव्हे तर त्यालाच, सांगायला हवं. बऱ्याचदा अ‍ॅप मुलाच्या फोनवर असतं आणि पुण्यात बसलेला मुलगा वडिलांना फोन करून ओरडतो, "बाबा, परत वाकलात."

आजोबांच्या छातीवर फोन बांधून तीन दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास आलेख घ्या, दोन्ही वेळचं भिंतीचं शून्य आणि वही मला दाखवा. खुर्चीचं आसन मात्र आजच बघा.